टिपणीससाहेबांचे ओठ

"पेशंटच्या वतीने तिच्या सासूने परवानगी दिली, तर चालेल का?" टिपणीससाहेबांनी विचारलं.

"नाय," हौसा म्हणाली.

"नवऱ्याने दिली तर?"

"नाय."

"आणि नवरा मामलेदार असला तर?"

हौसाने क्षणभर विचार केला. "मामलेदाराच्या पोटात दुखत असंल तर मामलेदाराला इचारायचं. बायकोच्या पोटात दुखत असंल तर बायकोला."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या दमयंतीबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी रुमालात खोकून लपवलं. साहेब हसले नाहीत. ते मुंबईहून बोटीने आले होते ते तपासायला, हसायला नव्हे. त्यांनी वहीत लिहिलं, 'पाठांतर चांगले. समज?' आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह इतक्या जोरात काढलं की निब कागदात रुतलं.

तर प्रकार असा होता. एकोणीसशे छप्पन सालच्या एप्रिलात रत्नागिरीत सुईणींना माणसाशी कसं वागावं हे शिकवणारं एक केंद्र होतं. बाळंतपण कसं करावं हे शिकवायची गरजच नव्हती. मैमुना आणि हौसा या दोघींनी मिळून अर्धा तालुका जगात आणला होता, आणि उरलेला अर्धा त्यांच्या आयांनी. पण मुंबईच्या एका मातृकल्याण मंडळाला वाटलं की खाटेवर पडलेल्या बाईलाही काही मत असतं, काही अब्रू असते, आणि हे सुईणींना सांगितलं पाहिजे. मंडळाने तीन वर्षांचा प्रयोग ठरवला. दमयंतीबाई मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात पंधरा वर्षं नर्स होत्या. ती नोकरी सोडून त्या आपल्या गावी हा प्रयोग करायला आल्या. अशी माणसं असतात, त्याला काय करणार!

सुईणींना अक्षरओळख नव्हती. म्हणून बाईंनी सगळी नीती तीन बोटांवर बसवली. पहिलं बोट: विचारल्याशिवाय हात नाही, आणि उत्तर पेशंटकडूनच घ्यायचं. दुसरं बोट: पेशंटची गोष्ट बाहेर नाही. तिसरं बोट: खोटं बोलायचं नाही, धीर द्यायलासुद्धा. तीन वर्षं रोज सकाळी बोटं दुमडून हा पाठ चालला. तो पुरा करणारीला पितळेचा एक बिल्ला मिळे. या बिल्ल्याची किंमत बाहेरच्याला कळायची नाही. पूर्वी एखादी अडलेली पोर बैलगाडीत घालून सुईण दवाखान्याच्या दारात गेली, की 'तू कोण गो?' इथपासून सुरुवात व्हायची. आता बिल्ला दिसला की डॉक्टर आधी सुईणीला विचारत, "काय झालं? केव्हापासून?" मैमुना सकाळी आधी बिल्ला लावी आणि मग चहा पिई.

हे सगळं ठीक चाललं होतं. एकच गोष्ट नडत होती आणि तिचं नाव आप्पा.

आप्पांनी आपल्या बागेतला दोन खोल्यांचा बंगला केंद्राला दिला होता आणि त्यासोबत अध्यक्षपद घेतलं होतं. माणूस उदार, हसरा, कोणाच्याही अडीअडचणीला धावणारा. पण कळलेली गोष्ट त्यांच्या पोटात ठरत नसे. "कोणाला सांगू नका हां," असं म्हणत ते ती खालच्या आळीपासून बंदरापर्यंत पोचवून येत. त्यामुळे बायका सुईणींना घरी बोलावत, पण केंद्राची पायरी चढायला एक तयार नव्हती. आप्पांच्या बंगल्यात दुखणं सांगायचं म्हणजे ते बाजारात दवंडी पिटून सांगितल्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. आणि मंडळाची मुख्य अट तीच होती: बायका आपण होऊन केंद्रात आल्या पाहिजेत. तपासनीसाने 'आल्या' असं लिहिलं तर केंद्र राहणार. 'आल्या नाहीत' असं लिहिलं तर महिनाअखेर केंद्राला कुलूप आणि बिल्ले परत.

टिपणीससाहेब सकाळी आठ ते दुपारी एक ओट्यावर बसले. एक कोंबडी आली. ती सोडता कोणी आलं नाही.

"निदान एखादी पेशंट तरी दाखवा," साहेब म्हणाले. "या बायका प्रत्यक्षात कशा वागतात हे मला पाहायचंय. प्रश्नोत्तरं पोपटही करतो."

"तीन जणींना विचारलं मी," दमयंतीबाई म्हणाल्या. "परका पुरुष समोर नको म्हणाल्या तिघीही. म्हणजे बघा, त्यांना विचारलं गेलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि आम्ही ऐकलं! नियम पाळला गेलाच की!"

"पण मी पाहिलं काय?" साहेब म्हणाले.

दवाखान्यात एखादी हो म्हणणारी भेटते का बघते, असं सांगून दमयंतीबाई भर उन्हात छत्री घेऊन निघाल्या. जाताना त्यांनी मागे वळून दोघींकडे पाहिलं. दोघींना कळलं, बाईंना रडू येतंय.

साहेब पाय मोकळे करायला बागेत गेले.

आता बघा, टिपणीससाहेबांनी जन्मभर काजू खाल्ले होते. खारवलेले, तळलेले, बर्फीवर चिकटवलेले. पण काजूचं झाड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. फांदीला लालभडक बोंडू लोंबत होता आणि त्याच्या बुडाला अगदी ओळखीच्या आकाराची बी. साहेबांना आनंद झाला. शहरातल्या विद्वान माणसाला पुस्तकातली वस्तू झाडावर दिसली की होतो तसा. त्यांनी खाण्याजोगा बोंडू फेकून दिला आणि हिरवीगार बी टरफलासकट दाढेखाली धरून कडकन फोडली.

रत्नागिरीतलं चार वर्षांचं पोरदेखील हे करणार नाही. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळत जातं. ते बोटाला लागलं तरी आठ दिवस साल निघत राहते, आणि साहेबांनी तर ते ओठांवर, जिभेवर, हिरडीवर व्यवस्थित वाटून घेतलं होतं. त्यांनी बी थुंकली, चरफडले, विहिरीवर जाऊन चुळा भरल्या. घटकाभरात काजू असा उतला, तोंड असं सुजलं, की साहेब केंद्राच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या नाकाखाली नुसते ओठच होते.

हौसा आतल्या खोलीत कात्र्या उकळत होती. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातला चिमटा पडला.

"या अल्ला!" मैमुना म्हणाली. "काजू चावलानी!"

"उं," साहेब म्हणाले. जीभ हलत नव्हती, ओठ मिटत नव्हते, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

हौसाने फळीवरची खोबरेलाची वाटी काढली, कोकमतेलाचा गोळा त्यात टाकला आणि बोट बुडवलं. ते साहेबांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर असताना मैमुनाने तिचं मनगट धरलं.

"इचारलंस?"

हौसा थबकली. खरंच की! "साहेब, तुमच्या ओठाला तेल लावू काय?"

"उं!"

"उं म्हंजे हो का उं म्हंजे नाय?" मैमुनाने विचारलं.

साहेबांनी मान हलवली. दुखण्यामुळे ती खालीवर होण्याऐवजी चारी दिशांना हलली.

"मान हलवलानी," हौसा म्हणाली. "हो म्हणतायत."

"मान हलवली ती परवानगी नाय," मैमुना म्हणाली. "बाईंनी काय सांगितलानी? सुना सासूच्या धाकानं मान हलवतात. तोंडानं हो म्हणायला पायजे."

"त्यांना तोंडच कुठं ऱ्हायलंय?"

साहेबांनी दोन्ही हात जोडले. मग एकदम काहीतरी सुचून त्यांनी खिशातलं पेन काढलं, वहीचं पान टरकावलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'होय! होय! ताबडतोब लावा!' आणि तो कागद मैमुनाच्या नाकासमोर नाचवला.

मैमुनाने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. "आमाला वाचता येत नाय, साहेब."

साहेबांनी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. पोस्टमन मन्सूर! मन्सूरला मराठी, उर्दू आणि मनिऑर्डरीपुरतं इंग्रजी असं सगळं येत होतं. साहेबांचे डोळे चमकले. हौसा कागद घेऊन धावलीच होती, पण दारात पोचेपर्यंत तिची पावलं मंदावली.

"मैमुनाबाय, मन्सूरला कागद दाखवला तर साहेबांची गोष्ट बाहेर नाय जाणार?"

"जाणारच."

"मग असं करते, त्याला सांगते की हा माझ्या भाचीचा कागद हाय."

"खोटं बोलणार?"

हौसा तिथेच उभी राहिली. पहिलं बोट, दुसरं बोट, तिसरं बोट, तिन्ही बोटांनी तिची वेणी धरून ठेवल्यासारखं झालं. आतून साहेबांचं "उं, उं" चाललं होतं.

"काय वो, आत काय चाललंय?" मन्सूर पायरीवर आला.

"काय ते सांगता येणार नाय," हौसाने दार अडवून धरलं. "टपाल दे नि जा बघू."

"कोण कण्हतंय?"

"सांगता येणार नाय म्हटलं ना!"

मन्सूरने टपाल दिलं, पण तो गेला मात्र सावकाश. कान मागे ठेवून गेला म्हणा ना.

आत मैमुनाची नजर हजेरीच्या वहीशेजारच्या शाईच्या डबीवर गेली. रोज सकाळी दोघी त्या डबीत अंगठा बुडवून वहीत उठवत. मैमुनाने साहेबांचाच कागद टेबलावर पसरला. एका कोपऱ्यात फुली काढली, दुसऱ्या कोपऱ्यात गोल.

"साहेब, नीट ऐका. तेल लावायला नको असंल तर फुलीवर अंगठा. हवं असंल तर गोलात. कोणाच्या दबावानं नको. नाय म्हटलात तरी आमी रागावणार नाय. अंगठा आमाला वाचता येतो."

सकाळी याच साहेबांनी दमयंतीबाईंना ऐकवलं होतं, की अंगठाबहाद्दरांना नीतिशास्त्र शिकवणं म्हणजे कौलावर भात पेरणं. ते डबल ग्रॅज्युएट होते. त्यांनी डबीत अंगठा बुडवला.

"दाबा, अंगठा दाबा," मैमुना म्हणाली. "जोरात दाबा. अर्धवट नको, मागून कटकट नको."

साहेबांनी असा दाबला की टेबल हललं. आणि मग त्या दोघींनी त्यांना खाटेवर टेकवलं, पदर खोचला आणि कामाला लागल्या. काय हात होते त्या बायकांचे! खोबरेल, कोकमतेल, थंड नारळाचं दूध, जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्याची पट्टी. साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी हळूहळू थांबलं. त्यांनी भुवया वर करून विचारलं, बरं होईल ना?

"व्हईल," मैमुना म्हणाली. "पण लगेच नाय. उद्या याच्याहून वंगाळ दिसंल. मग साल निघंल. आठ दिस तिखट बंद."

साहेबांनी डोळे मिटले. खोटा धीर दिला असता तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं असावं.

संध्याकाळी आप्पांच्या ओटीवर साहेबांच्या सन्मानार्थ पन्हं होतं. गावातली आठ-दहा प्रतिष्ठित मंडळी जमली होती. साहेब तोंडावर रुमाल धरून आले. आप्पांनी प्रेमाने रुमाल बाजूला केला आणि पन्ह्याचा पेला त्यांच्या हातून निसटला.

"अरे देवा! हे काय झालं?"

आता साहेबांना लिहून सांगता आलं असतं. नाही कशाला म्हणा! पण लिहायचं काय? 'मी कच्चा काजू टरफलासकट चावला'? रत्नागिरीत? आप्पांना? त्यांनी वहीत लिहिलं, 'किरकोळ अस्वस्थता' आणि वही मिटली.

आप्पांसारख्या माणसाला 'किरकोळ' म्हणून वाटेला लावणं म्हणजे मांजराला दुधाचं झाकण दाखवणं. त्यांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि त्यांना साहेबांचा काळाकुट्ट अंगठा दिसला.

आप्पा तडक केंद्रात गेले. "काय गो मैमुना, साहेबांना काय झालं?"

"पेशंटची गोष्ट हाय, आप्पा. सांगता येणार नाय."

"पेशंट? साहेब पेशंट?"

मैमुनाने जीभ चावली. एवढं सांगितलं हेसुद्धा जास्त झालं, असं वाटून ती कात्र्या मोजायला लागली. हौसा तर आधीपासूनच भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आप्पा परत आले तर ओटीवर मन्सूर उभा. मन्सूर खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने जे ऐकलं ते आणि तेवढंच सांगितलं. "दुपारी मी टपाल घेऊन गेलो, तर हौसाबाय मला आत सोडीना. आत कोण तरी उं उं करीत व्हतं. फाटकाशी आलो तवा मैमुनाबाय म्हणत व्हती, 'दाबा, अंगठा दाबा, जोरात दाबा.' बस्स, मला इतकंच म्हाईत."

ओटीवरच्या खुर्च्या एकमेकींच्या जवळ सरकल्या.

पन्हं संपायच्या आत गोष्ट तयार झाली. साहेब नापास करणार होते. म्हणून त्या दोघींनी साहेबांना कोंडलं, तोंड फुटेस्तोवर मारलं, आणि पास केल्याच्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला. मैमुनाचे हात भक्कम, हे सगळ्यांना माहीत होतंच. साहेब बिचारे अब्रूला भिऊन 'किरकोळ अस्वस्थता' लिहितायत! सकाळी बाजारात मासे घ्यायला आलेल्या माणसाला सुरमईचा भाव कळायच्या आधी ही बातमी कळत होती.

नऊ वाजता आप्पांनी केंद्राच्या ओट्यावर तातडीची सभा बोलावली. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे आळीतल्या बायका उभ्या राहिल्या. त्यांच्यात आप्पांची बायको गंगुबाईही होती. साहेबांचे ओठ मैमुनाने सांगितल्याप्रमाणे खरोखरच कालच्याहून वंगाळ दिसत होते.

"हा अध्यक्षाचा हुकूम आहे," आप्पा म्हणाले. एरवी ते हुकूम करत नसत, म्हणून त्यांचा आवाज चिरकला. "काल दुपारी इथं काय घडलं, ते सांगा. मंडळाच्या माणसावर हात टाकला असं मुंबईला कळलं, तर केंद्र आजच बंद होईल."

"सांगता येणार नाय," मैमुना म्हणाली.

"हौसा?"

"मैमुनाबाय सांगतेय तेच."

दमयंतीबाईंनी मैमुनाला हाताला धरून खांबाआड नेलं. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. "मैमुनाबी, मला तरी सांगा. मी तुम्हाला ओळखते. असं काही झालेलं नाही. पण काय झालं ते मला कळलं, तर मी सगळ्यांना तोंड देईन."

"बाई, काल दुपारी पेशंटजवळ तुमी व्हतात काय?"

"नव्हते."

"मग तुमी पण बाहेरच्याच की!" मैमुना अगदी हळू म्हणाली. "तुमीच शिकवलंत."

दमयंतीबाईंना धड रागावता येईना, धड हसता येईना. तीन वर्षांत आपण जे शिकवलं ते इतकं पक्कं झालंय याचा अभिमान त्यांना वाटला, आणि त्याच पक्केपणामुळे आता सगळं बुडणार याची भीतीही. त्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"तर मग बिल्ले खाली ठेवा," आप्पा म्हणाले. त्यांनाही ते आवडत नव्हतं. त्यांचा थोरला मुलगा मैमुनाच्याच हातावर जन्मलेला होता.

मैमुनाने पदराखालचा बिल्ला चाचपला. पिन निघेना. शेवटी निघाली. तिने बिल्ला टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी हौसाने आपला. दोघींनी एकदाही साहेबांकडे पाहिलं नाही. तुम्हीच सांगा ना, असं डोळ्यांनीसुद्धा म्हटलं नाही.

साहेब ते दोन बिल्ले बघत राहिले. मग उठले.

"थांबा," ते म्हणाले. खालचा ओठ फुटून रक्त आलं. "कोणी मारलेलं नाही मला. मी काजू खाल्ला."

"काजू?" आप्पा म्हणाले. "काजूनं असं कसं होईल?"

"झाडावरचा."

"म्हणजे बोंडू?"

"बोंडू फेकून दिला. बी खाल्ली."

"भाजून?"

"कच्ची."

"सोलून?"

साहेबांनी एक मोठा श्वास घेतला. "टरफलासकट. दाढेखाली. या दोघींनी औषध लावलं. माझ्या परवानगीनं. अंगठा त्याचा आहे."

गडग्यापलीकडून गंगुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तो पुरेना. एक हसली, दुसरी हसली, मग सगळी आळी हसली. मन्सूर सायकल धरून हसला. आप्पा हसता हसता खुर्चीवरून घसरले आणि खाली बसून हसले. साहेबही हसायला गेले आणि "आई गं!" म्हणून त्यांनी ओठ धरले.

"अगो मैमुना," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "एवढंच होतं, तर कालच सांगायचं ना! काजू चावला म्हणून!"

"कसला काजू?" मैमुना म्हणाली.

"आता साहेबच सांगतायत ना!"

"साहेबांनी सांगितलानी. त्यांचा ओठ हाय, त्यांची मर्जी. मी काय बोललेली नाय."

"पण खरं तेच ना?"

मैमुना समुद्राच्या दिशेने बघत राहिली. आप्पांनी हौसाकडे पाहिलं. हौसा पुन्हा भिंतीकडे वळली. साहेबांनी टेबलावरचे दोन्ही बिल्ले उचलले, स्वतःच्या कोटाला पुसले आणि दोघींच्या हातात दिले. गडग्यापलीकडचं हसू आता थांबलं होतं. बायका एकमेकींशी काहीतरी हळू बोलत होत्या आणि केंद्राच्या दाराकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारची बोट होती. साहेब सकाळी अहवालावर सही करायला केंद्रात आले, तर ओट्यावर बसायला जागा नाही. मिऱ्या गावची एक कोळीण, मोहल्ल्यातल्या दोन तरण्या सुना, कडेवर पोर घेतलेली एक, डोक्यावरची पाटी खाली ठेवून बसलेली एक. मागच्या दाराने आलेल्या वेगळ्याच. दमयंतीबाई या खोलीतून त्या खोलीत नुसत्या पळत होत्या.

"काय झालं एकाएकी?" साहेबांनी विचारलं.

"मी एकीला विचारलं," दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलून आला होता. "ती म्हणाली, अध्यक्षाला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही, बिल्ला गेला तरी सांगितलं नाही. मग आम्ही घाबरू कशाला?"

साहेब ओट्याच्या कोपऱ्यात कोंबडीशेजारी उभे राहिले. बायका मोजल्या. चौदा. 'बायका आपण होऊन येतात काय?' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'येतात. तपासनीसाला बसायला जागा मिळाली नाही. केंद्र कायम करावे.' सही केली आणि तेवढ्यावर समाधान न होऊन खाली दोन रेघा ओढल्या.

साहेबांना बंदरावर पोचवायला आप्पा गाडी घेऊन आले. ओट्यावरची गर्दी बघून त्यांची छाती फुगली. "बघा साहेब! अध्यक्ष म्हणून मला..." एवढं बोलून ते थांबले. आतल्या खोलीचं दार उघडून गंगुबाई बाहेर आल्या होत्या. चेहरा हलका, निवांत. दारात त्यांनी मैमुनाचे दोन्ही हात घट्ट धरले, मग सोडले.

"तू?" आप्पा म्हणाले. "तुला काय झालंय?"

"काही नाही," गंगुबाई म्हणाल्या आणि फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसल्या.

आप्पा मैमुनाकडे वळले. "हिला काय होतंय?"

मैमुनाने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"अगो, मी नवरा आहे तिचा!"

"मग त्यांनाच इचारा."

"ती सांगत नाही!"

"मग नाय," मैमुना म्हणाली आणि तिने पुढच्या बाईला आत घेऊन दार लावलं.

बंदरापर्यंत आप्पा विचारत राहिले. आधी रागावून, मग लाडीगोडीने, मग नुसतेच काकुळतीला येऊन. गंगुबाई गाडीत बसून रस्त्याकडेची झाडं बघत होत्या आणि मधूनमधून स्वतःशीच हसत होत्या. टिपणीससाहेबांनी ओठांना तेल लावलं आणि डोळे मिटून घेतले. तीस वर्षांत आप्पांना कळली नाही अशी रत्नागिरीतली ती पहिली गोष्ट, आणि ती त्यांच्याच बंगल्यात, त्यांच्याच बायकोने सांगितलेली होती.